लूता, तारांतुला आणि विषनिश्चय : कोळ्याच्या दंशाची ओळख व उपचार यांचा तौलनिक इतिहास

१. विषयप्रवेश

सर्पदंश आणि विंचूदंश यांच्या तुलनेत कोळ्याच्या विषारी दंशाचा इतिहास लिहिणे अधिक अवघड आहे. याचे कारण कोळ्याच्या विषात जितके आहे, त्याहून अधिक त्याच्या राहणीत आहे. विंचवाची नांगी लागताच माणूस ओरडतो आणि विंचू बहुधा तेथेच सापडतो. सापही पुष्कळदा दिसतो, निदान त्याच्या दातांच्या खुणा तरी उरतात. कोळी मात्र अंथरुणात, पायताणात, लाकडाच्या ढिगात किंवा कापलेल्या पिकाच्या पेंढीत दडलेला असतो. त्याचा दंश पुष्कळदा टाचणी टोचल्याइतकाही जाणवत नाही. वेदना, घाम, ज्वर किंवा व्रण ही लक्षणे काही तासांनी, क्वचित काही दिवसांनी प्रकट होतात, तोवर कोळी निघून गेलेला असतो. वैद्यापुढे येतो तो केवळ परिणाम; कर्ता अनुपस्थित असतो.

जगात कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे. त्यांतील बहुतेक सर्व जातींजवळ विष असले, तरी माणसाला गंभीर इजा करू शकतील अशा जाती मोजक्या वंशांतच आढळतात. लॅट्रोडेक्टस, लोक्सोसेलीस, फोनेउट्रिया आणि ऑस्ट्रेलियातील ॲट्रॅक्स व त्याचे निकटचे वंश हे त्यांतील प्रमुख होत. जाती इतक्या थोड्या असतानाही कोळ्याच्या विषाविषयीचे वाङ्मय, समजुती व शब्दसंपत्ती विपुल आहे. या विषमतेचा उलगडा विषशास्त्राने पूर्णपणे होत नाही. अनुपस्थित कर्त्याचे नाव परिणामावरून कसे ठरविले गेले, म्हणजेच दंशाचे 'वाचन' कसकसे झाले, हे त्यासाठी पाहावे लागते. अनामिक संहितेचे कर्तृत्व अंतर्गत पुराव्यावरून ठरविणाऱ्या अभ्यासकाला ज्या मोहांना तोंड द्यावे लागते, तेच मोह या वैद्यापुढेही असतात. फरक इतकाच, की येथे चुकीच्या निर्णयाची किंमत रुग्ण मोजतो.

प्रस्तुत निबंधात या वाचनाच्या तीन परंपरांचा विचार केला आहे : सुश्रुतसंहितेतील लूताविषविचार, दक्षिण इटलीतील तारांतुलादंशाची गीतनृत्यचिकित्सा आणि विसाव्या शतकातील प्रायोगिक वैद्यक. या तिन्ही परंपरांना जोडणारा प्रश्न सुश्रुतानेच नेमक्या शब्दांत मांडून ठेवला आहे.

२. सुश्रुताची लूता

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विषांचा विचार आहे. त्याचा आठवा आणि शेवटचा अध्याय 'कीटकल्प' या नावाने ओळखला जातो. काठमांडूच्या केसर ग्रंथालयातील इ. स. ८७८ चे हस्तलिखित हे या संहितेच्या सर्वांत जुन्या दिनांकित साक्षींपैकी एक आहे. आधुनिक अभ्यासकांच्या हाती डल्हणाच्या टीकेसह आलेला मुद्रित पाठ मुख्यतः यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादून मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध केलेला आहे.

कीटकल्पात लूतांची उत्पत्ती एका आख्यायिकेने सांगितली आहे. विश्वामित्र राजा वसिष्ठाच्या आश्रमात गेला असता ऋषी कोपला. त्याच्या ललाटावरील घामाचे थेंब धेनूसाठी कापून ठेवलेल्या गवतावर पडले आणि त्यांतून लूता जन्मल्या. 'लून' म्हणजे कापलेले. त्यावरून 'लूता' ही व्युत्पत्ती. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तिचे मूल्य काहीही असो, कापलेल्या गवतात कोळी सापडतो हे निरीक्षण तिच्यात सामावले आहे. गवत व धान्य कापणाऱ्याच्या हाताला कोळी डसतो हा अनुभव भूमध्य समुद्राच्या काठीही तसाच होता, हे पुढे दिसेल.

सुश्रुत सोळा लूता मानतो. त्रिमंडला, श्वेता, कपिला, पीतिका, आलविषा, मूत्रविषा, रक्ता व कसना या आठ कष्टसाध्य. तर सौवर्णिका, लाजवर्णा, जालिनी, एणीपदी, कृष्णा, अग्निवर्णा, काकांडा व मालागुणा या आठ असाध्य. प्रत्येकीच्या दंशाचे वर्णन स्वतंत्र आहे. उदाहरणार्थ, मूत्रविषेचा दंश कुजतो, पसरतो, त्यातून काळे रक्त येते आणि कास, श्वास, वांती, मूर्च्छा, ज्वर व दाह होतात. आलविषेच्या दंशात मोहरीएवढ्या पुटकुळ्या येतात व टाळू सुकते. लाळ, नख, मूत्र, दंष्ट्रा, रज, पुरीष व शुक्र या सात मार्गांनी लूता विष सोडतात, असे हा ग्रंथ मानतो. आधुनिक प्राणिशास्त्राने यांपैकी केवळ दंष्ट्रेचा मार्ग मान्य केला आहे.

या वर्गीकरणाचे मूल्य प्राणिशास्त्राच्या कसोटीवर ठरवणे योग्य होणार नाही. लूतांची नावे पाहता त्यांतील काही प्राण्याच्या रंगरूपावरून, तर काही विषाच्या मार्गावरून पडलेली दिसतात. साध्यासाध्यतेचा भेद तर उघडच रोग्याच्या परिणामावरून केलेला आहे. म्हणजे येथे प्राण्याचे वर्गीकरण आणि लक्षणांचे वर्गीकरण एकमेकांत मिसळले आहे. वाग्भटाने ही अडचण ओळखली होती. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात तो लूतांच्या संख्येविषयीचे मतभेद नमूद करतो आणि त्यांची रूपे परस्परांत इतकी मिसळलेली आहेत की नावांनी ती ओळखणे दुष्कर, म्हणून दोषांनुसारच त्यांचा विचार करावा, असा निर्वाळा देतो. सूची सोडून लक्षणांकडे वळण्याचा हा निर्णय भारतीय वैद्यकाच्या इतिहासात दुर्लक्षिला जाऊ नये इतका महत्त्वाचा आहे.

सुश्रुताने दंशाचा कालक्रमही दिला आहे. पहिल्या दिवशी किंचित खाज व अस्पष्ट रंगाचा उठाव. दुसऱ्या दिवशी कडा उंच, मध्य खोल. पुढील दिवसांत विषाचा प्रकोप व प्रसार आणि तीव्र विषाने सातव्या दिवशी मृत्यू. आरंभीच्या अवस्थेत निदान का होत नाही हे सांगताना अंकुराचा दृष्टान्त येतो : नुकता फुटलेला कोंब पाहून तो कोणत्या वृक्षाचा हे जसे कळत नाही, तसे शरीरात नुकते पसरलेले लूताविष ओळखता येत नाही. दृष्टान्त काव्यात्म असला तरी त्याचे कार्य वैद्यकीय आहे; तो वैद्याला थांबून पाहावयास सांगतो.

याच संदर्भात सुश्रुत जो इशारा देतो तो या निबंधाच्या दृष्टीने मध्यवर्ती आहे. अगद, म्हणजे विषघ्न औषध, विषबाधित माणसालाच मानवते. ज्याच्या शरीरात विष नाही त्याला ते दिल्यास अपाय होतो. म्हणून विष आहे की नाही याचा निश्चय सर्व प्रयत्नांनी करावा. तो न करता उपचार करणारा वैद्य रोग्याचा घात करतो. अगद हे येथे निरुपद्रवी औषध मानलेले नाही. त्याची गरज आधी सिद्ध व्हावी लागते.

इशारा इतका कडक असण्याचे कारण पुढील उपचारांत सापडते. मर्मस्थान नसेल तर दंशाची जागा वृद्धिपत्र शस्त्राने कापून काढावी आणि तापविलेल्या जांबवोष्ठ शलाकेने डागावी, रोगी 'पुरे' म्हणेपर्यंत. नंतर मध व सैंधव मिसळलेल्या औषधांचा लेप द्यावा. सर्व लूतांच्या विषावर श्लेष्मातकाची, म्हणजे भोकरीची, साल वापरावी. याखेरीज नस्य, अंजन, अभ्यंग, पान, धूम, वमन, विरेचन, रक्तमोक्षण आदी दहा उपाय सांगितले आहेत. जेथे उपचार म्हणजे कापणे व डागणे आहे, तेथे निदान चुकणे म्हणजे निरोगी मांस कापणे होय.

३. शब्दांत उरलेला कोळी

ग्रंथातील इशारा वैद्यांपुरता राहिला. समाजात उरला तो शब्द. संस्कृतातच 'लूता' या शब्दाला कोळी व त्वचारोग असे दोन्ही अर्थ आहेत. कल्हणाच्या बाराव्या शतकातील राजतरंगिणीत काश्मीरचा राजा क्षेमगुप्त याच्या मृत्यूची हकीकत सहाव्या तरंगात येते. शिकारीच्या वेळी एका कोल्हीच्या मुखातून ज्वाळा निघताना पाहून राजा भयभीत होतो, त्याला ज्वर येतो, अंगावर लूतेचे पुरळ उठते आणि इ. स. ९५८ मध्ये त्याचा अंत होतो. या कथेत कोळी कोठेही नाही. कोळ्याचे नाव मात्र आहे, आणि ते रोगाचे नाव झाले आहे.

अर्वाचीन भारतीय भाषांतही हेच दिसते. मराठीत 'लूत' म्हणजे खरूज किंवा केस गळून कातडी सोलणारा रोग. लूत भरलेले कुत्रे म्हणताना कोणाही मराठी भाषकाला कोळी आठवत नाही, इतका मूळ अर्थ लोपला आहे. गुजरातीत 'करोळियो' म्हणजे कोळी, आणि अंगावर उठणाऱ्या पांढुरक्या डागांना 'करोळिया' म्हणतात. हा वस्तुतः बुरशीजन्य विकार आहे. हिंदी प्रदेशात त्वचेवर एकाएकी उठलेल्या दाहयुक्त फोडांना 'मकडी' हेच नाव आहे व कोळी अंगावरून गेल्याने किंवा मुतल्याने ते होतात, असे मानले जाते. अशा फोडांपैकी पुष्कळांचे कारण पेडेरस नावाचा लहान भुंगा असतो. पावसाळ्यात दिव्याकडे येणारा हा कीटक त्वचेवर चिरडला गेला की त्याच्या शरीरातील दाहक द्रव्याने फोड उठतात. अन्य काही फोड मराठीत ज्याला 'नागीण' म्हणतात त्या विषाणुजन्य रोगाचे असतात. तेथे कोळ्याऐवजी सापाला कर्तेपण मिळाले आहे, इतकेच.

सुश्रुताच्या सात विषमार्गांपैकी मूत्र, लाळ व रज हे मार्ग लोकसमजुतीत टिकले, तर दंष्ट्रा मागे पडली. ही निवड अर्थपूर्ण आहे. ज्या फोडाला दंशाची खूण नाही, त्याचे खापर कोळ्यावर फोडावयाचे तर त्याने दंशाविना विष सोडले असे मानणे भाग होते. पुरावा नसण्याचे स्पष्टीकरण समजुतीतच सामावून घेण्याची ही रीत आहे, आणि ती केवळ भारतापुरती नाही.

४. आपुलियातील दंश आणि गीत

इटलीच्या द्वीपकल्पाच्या टाचेकडील आपुलिया प्रांतात तारांतो नावाचे बंदर आहे. त्याच्यावरून तेथील मोठ्या, बिळात राहणाऱ्या कोळ्याला 'तारांतुला' हे नाव पडले. मध्ययुगापासून या प्रांतात अशी श्रद्धा होती, की तारांतुला डसल्यास माणूस खिन्न होतो, पडून राहतो, थरथरतो, आणि योग्य सुरावट कानी पडली तरच उठून नाचू लागतो. नाचून थकला की विष उतरते. अथानासिउस किर्खर याने १६४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चुंबकत्वविषयक ग्रंथात या उपचाराच्या सुरावटी छापल्या. जॉर्जो बाल्यीव्ही या वैद्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस तारांतुलेच्या दंशावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. १७४२ मध्ये नेपल्सच्या फ्रांचेस्को सेराओने मात्र या विकाराचे मूळ विषात नसून आपुलियाच्या लोकांच्या प्रकृतीत व समजुतीत आहे, असे प्रतिपादन केले.

या परंपरेतील निदानपद्धती तौलनिक अभ्यासकाचे विशेष लक्ष वेधून घेणारी आहे. वादक रुग्णाच्या घरी येत आणि एकामागून एक सुरावटी वाजवून पाहत. ज्या सुरावटीला रुग्ण प्रतिसाद देई, तिच्यावरून दंश करणाऱ्या तारांतुलेचा स्वभाव कळे. तिच्या आवडीचा रंग ओळखण्यासाठी रंगीत फिती पुढे धरल्या जात. कोळी कोणीही पाहिलेला नसे. सुश्रुताने व्रणाच्या रंगरूपावरून जे अनुमान केले, ते येथे रुग्णाच्या देहाच्या हालचालींवरून केले जाई, आणि निदान व उपचार एकाच कृतीत होत.

१९५९ च्या उन्हाळ्यात एर्नेस्तो दे मार्तिनो या धर्मेतिहासकाराने सालेंतो भागात एका पथकासह क्षेत्रकार्य केले. पथकात मानसोपचारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ होते, तसेच दिएगो कार्पितेल्ला हा संगीतशास्त्रज्ञही होता. नार्दो गावचा न्हावी व व्हायोलिनवादक लुइजी स्तिफानी याचे वादन आणि त्यावर नाचणाऱ्या स्त्रिया यांची नोंद त्यांनी केली. २९ जून या संत पॉलच्या सणाला गालातीना येथील प्रार्थनागृहात जमणाऱ्या दंशितांचेही निरीक्षण त्यांनी केले. माल्टा बेटावर विषारी साप डसूनही संत पॉलला बाधा झाली नाही या बायबलातील कथेवरून विषबाधितांचा रक्षणकर्ता म्हणून त्याच्याकडे पाहिले जाई. १९६१ मध्ये दे मार्तिनोचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातील 'रिमोर्सो' या इटालियन शब्दाचा रूढ अर्थ पश्चात्ताप. त्याची फोड केली तर 'पुन्हा दंश'. बाधितांत स्त्रिया बहुसंख्य होत्या, पहिला दंश पुष्कळदा वयात येण्याच्या सुमारास झालेला असे आणि त्याची लक्षणे दरवर्षी त्याच ऋतूत उद्भवत, या गोष्टींवरून दे मार्तिनोने असे दाखविले, की दडपलेल्या दुःखाला व्यक्त होण्यासाठी संस्कृतीने दिलेले हे रूप होते.

तथापि दे मार्तिनोने खऱ्या विषाचे अस्तित्व नाकारले नव्हते. आपुलियाच्या शेतांत दोन कोळी आढळतात. लायकोसा तारांतुला आकाराने मोठा, पण त्याचा दंश सौम्य असतो. दुसरा लॅट्रोडेक्टस वंशातला, लहान, काळा, पाठीवर तांबडे ठिपके असलेला. त्याचे विष मज्जातंतूंच्या टोकांतून चेतासंदेशक द्रव्ये एकाएकी सोडावयास लावते. त्यामुळे दंशापासून चढत जाणारी वेदना, पोटाच्या व पाठीच्या स्नायूंचा ताठरपणा, भरपूर घाम व कमालीची अस्वस्थता ही लक्षणे दिसतात. कापणीच्या वेळी शेतमजुरांना डसणारा कोळी हाच असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. डोळ्यांत भरणाऱ्या मोठ्या कोळ्याला नाव मिळाले, आणि खरा बाधक कोळी शतकानुशतके अनामिक राहिला. पुढे हेच 'टॅरंटुला' नाव अमेरिकेतील केसाळ कोळ्यांकडे गेले व तेथून जगभर पसरले.

मराठी परंपरेशी येथे एक तुलना संभवते. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडातही दंश आहे, वेदना आहे व उतारा आहे. परंतु तेथील विंचू हा कामक्रोधाचे रूपक आहे, हे गाणारा व ऐकणारा दोघेही जाणतात; भारुड ऐकून कोणी खऱ्या विंचवावर तो उतारा करीत नाही. आपुलियात रूपक आणि रोग यांच्यातील ही सीमारेषा पुसलेली होती. म्हणूनच गीताने ज्यांचे दुःख हलके झाले त्यांच्याबरोबर, ज्यांच्या शरीरात खरोखर विष होते तेही नाचत राहिले.

५. देहावरील प्रयोग

विसाव्या शतकाने पहिला आग्रह धरला तो कर्ता प्रत्यक्ष दाखविण्याचा. अमेरिकेत 'ब्लॅक विडो' या कोळ्याच्या दंशाची वर्णने होती, पण त्याच्या विषाची तीव्रता अनेक कीटकशास्त्रज्ञांना मान्य नव्हती. आर्कान्सा विद्यापीठाचे विल्यम बार्ग यांनी १९२२ मध्ये हा कोळी स्वतःला डसवून घेतला. नोव्हेंबर १९३३ मध्ये अलाबामा विद्यापीठाचे ॲलन ब्लेअर यांनी तोच प्रयोग अधिक कठोरपणे केला. मादीला बोटावर सुमारे दहा सेकंद डसू दिल्यानंतर वेदनेचा प्रवास, श्वास, नाडी, हृदयाचा विद्युतालेख यांच्या नोंदी ठेवण्यात आल्या व त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तान्ताने शंका संपविल्या. कोणता कोळी, किती वेळ डसला आणि त्यानंतर काय घडले, ही तिन्ही कलमे येथे एकाच लेखात निश्चित झाली होती.

यानंतर प्रतिविषांचे युग आले. मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजमध्ये सॉल वीनर यांनी ऑस्ट्रेलियातील 'रेडबॅक' या लॅट्रोडेक्टस वंशीय कोळ्यावर तयार केलेले प्रतिविष १९५६ मध्ये उपलब्ध झाले. सिडनी परिसरातील 'फनेल-वेब', म्हणजे ॲट्रॅक्स रोबस्टस, याच्या दंशाने, त्यावरील प्रतिविष येण्यापूर्वी, १३ मृत्यूंची नोंद झाली होती. या जातीत नराचे विष मादीहून घातक असते व ते माणसासह सर्व वानरगणांना विशेष बाधते. त्याच संस्थेत स्ट्रुअन सदरलँड यांनी सशांच्या रक्तद्रवापासून त्यावर प्रतिविष तयार केले. जानेवारी १९८१ मध्ये ते प्रथम एका रुग्णाला दिले गेले. तेव्हापासून या कोळ्याच्या दंशाने मृत्यू झालेला नाही.

ऑस्ट्रेलियातील कार्यपद्धतीत सुश्रुताचा प्रश्न नव्या रूपात दिसतो. सिडनी भागात मोठा काळा कोळी डसला तर तो फनेल-वेबच आहे असे गृहीत धरून हातपायाला दाबपट्टी बांधावी, अवयव हलू देऊ नये व रुग्णालयात नेऊन लक्ष ठेवावे. पण प्रतिविष द्यावयाचे ते विषबाधेची लक्षणे प्रकट झाली तरच. संशय व्यापक ठेवावा आणि औषध मात्र निश्चयानंतर द्यावे, अशी ही विभागणी आहे. रेडबॅकसाठी दाबपट्टीही वर्ज्य, कारण तिने वेदना वाढते. कोळ्याची ओळख अशा रीतीने प्रथमोपचारापर्यंत पोहोचते.

रेडबॅकच्या प्रतिविषाची कथा याहून उद्बोधक आहे. जवळपास साठ वर्षे ते गुणकारी मानले गेले. २०१४ मध्ये २२४ रुग्णांवरील तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध झाली. दोन तासांनी वेदना पुरेशी कमी झालेल्या रुग्णांचे प्रमाण प्रतिविष मिळालेल्यांत ३४ टक्के, तर विषघ्न गुण नसलेले द्रावण मिळालेल्यांत २३ टक्के आढळले, आणि हा फरक निर्णायक मानण्याइतका नव्हता. परकीय प्राण्याच्या रक्तद्रवापासून केलेल्या प्रतिविषाने तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते हे लक्षात घेता, विष निश्चित असतानाही अगद हितकारक आहे का, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. सुश्रुताने एकच निश्चय मागितला होता. आता दुसऱ्याचीही गरज दिसू लागली.

६. व्रणाचा खोटा कर्ता

व्रणाच्या बाबतीत घोटाळा अधिक झाला. चिलीमध्ये १९३७ साली माकियाव्हेल्यो यांनी त्वचेच्या मृत व काळ्या पडणाऱ्या व्रणांचा संबंध लोक्सोसेलीस लीटा या तपकिरी कोळ्याशी जोडला. अमेरिकेच्या मध्य भागात याच वंशातील 'ब्राऊन रेक्लूज' असेच व्रण करतो, हे १९५७ मध्ये पुढे आले. शोध खरा होता, पण त्याचा उपयोग अवाजवी झाला. जेथे हा कोळी आढळतच नाही अशा प्रदेशांतही कारण न कळलेला प्रत्येक व्रण त्याच्या नावे लिहिला जाऊ लागला. काही काळ तर असे व्रण तातडीने कापून काढण्याची पद्धत होती. १९८० च्या दशकात तिचे परिणाम तपासल्यावर, थांबून केलेली शस्त्रक्रिया अधिक हिताची ठरली.

कॅन्ससमधील एका राहत्या घरात सहा महिन्यांत २,०५५ ब्राऊन रेक्लूज कोळी पकडले गेले, तरी तेथे राहणाऱ्या कुटुंबातील कोणालाही विषबाधा झालेली नव्हती. हा वृत्तान्त २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ७५० दंशांचा अभ्यास पुढे आला. दंश झाल्याचे जाणवले, कोळी त्याच वेळी पकडला गेला आणि तज्ज्ञाने तो ओळखला, अशाच घटना त्यात धरल्या होत्या. त्यांतील एकातही मृत व्रण झाला नाही. उलट, २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सात महिन्यांच्या एका बालकाच्या हातावरील व्रण प्रथम कोळ्याच्या दंशाचा मानला गेला, तो वस्तुतः अँथ्रॅक्सचा होता. लॉस एंजेलिसच्या तुरुंगांत कोळ्याचे दंश समजले गेलेले फोड औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचे निघाले. कोळ्याचे नाव घेताच शोध थांबतो, आणि खरा रोग वाढत राहतो.

२०१७ मध्ये अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी कोणता व्रण रेक्लूजचा नव्हे हे सांगणारी दहा लक्षणे सूत्ररूपाने मांडली. व्रण अनेक असणे, तो फुगीर असणे, मध्य लाल असणे, पू वाहणे, महिनोन्महिने न भरणे ही त्यांपैकी काही. लोक्सोसेलीसच्या दंशाचा मध्य सपाट किंवा खोलगट व निळसर-फिकट असतो. सुश्रुताने दुसऱ्या दिवसाच्या वर्णनात मध्य खोल असल्याचे नोंदविले आहे, तर कडा उंच असल्याचेही म्हटले आहे. यावरून प्राचीन लूता व आधुनिक जाती यांची एकास एक जुळणी करण्याचा मोह टाळला पाहिजे. अधिक महत्त्वाचे साम्य पद्धतीत आहे : दोन्ही ठिकाणी काळ, आकार, रंग व स्राव यांची शिस्तबद्ध नोंद ओळखीचा आधार झाली आहे. आधुनिक सूत्राने भर घातली ती नकाराची. 'हा कोळी नव्हे' असे म्हणण्याची सोय त्याने केली.

७. भारतीय संदर्भ व समारोप

भारतात कोळ्याच्या विषावरील प्रतिविष तयार होत नाही. सर्पदंशावरील बहुविध प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्यासाठी असते; कोळ्याच्या दंशावर ते निरुपयोगी आहे. भारत व श्रीलंकेपुरत्या मर्यादित असलेल्या पोसिलोथेरिया वंशातील झाडांवरच्या मोठ्या कोळ्यांच्या दंशाने कित्येक दिवस टिकणारे स्नायूंचे पेटके येतात, असे २०१४ मधील आढाव्यात दिसून आले. अशा दंशावर जागा साबणपाण्याने धुणे, थंड शेक, वेदनाशामक औषध, धनुर्वाताच्या लसीची खातरजमा आणि लक्षणे वाढत असल्यास रुग्णालय हाच उपचार आहे. जागा चिरणे, चोखणे किंवा डागणे त्याज्य आहे.

२०१२ मध्ये आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यातील सदिया भागात कोळ्यांच्या दंशाचे वृत्त आले आणि दोन मृत्यू त्यांच्या नावे सांगितले गेले. वृत्तान्तांनुसार मृतांचे शवविच्छेदन झालेले नव्हते, आणि काही रुग्णांच्या दंशाच्या जागी स्थानिक मांत्रिकांनी पात्याने चिरा देऊन रक्त काढले होते. मृत्यू विषाने झाले की चिरांतून झालेल्या संसर्गाने, हे त्यामुळे सिद्ध होऊ शकले नाही. सुश्रुताचे शस्त्र लोकव्यवहारात टिकले, त्याने शस्त्राआधी घातलेली अट टिकली नाही, असे या घटनेवरून म्हणता येईल.

याउलट महाराष्ट्रातच, कोळ्याचा आप्त असलेल्या विंचवाबाबत वेगळा मार्ग दिसतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील लाल विंचवाच्या दंशात हृदयावर होणाऱ्या परिणामांची काळजीपूर्वक नोंद करून १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग रूढ केला, आणि त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण घटले. येथे कर्ता ओळखीचा होता, लक्षणांचा क्रम नोंदला गेला होता आणि औषध त्या क्रमातील नेमक्या दुव्यावर योजले होते. निश्चयावर उभा राहिलेला उपचार कसा असतो, याचे हे जवळचे उदाहरण होय.

या इतिहासातून तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला मिळणारे सूत्र साधे आहे. कर्ता अनुपस्थित असला की परिणामांचे वाचन अटळ असते, आणि प्रत्येक संस्कृती त्यासाठी आपापले व्याकरण रचते. सुश्रुताने ते व्रणातून रचले, आपुलियाने सुरावटींतून, आधुनिक वैद्यकाने मोजमापांतून. यांतील कोणतेही व्याकरण चुकीपासून मुक्त नाही. 'लूत', 'करोळिया', 'मकडी' आणि 'टॅरंटुला' हे शब्द त्या चुकांचेच अवशेष आहेत, आणि म्हणून इतिहासकाराला मोलाचे आहेत. परंतु ज्या परंपरेने आपल्या वाचनाबरोबरच त्याच्या अनिश्चिततेचीही नोंद ठेवली, तिच्यात दुरुस्तीला जागा राहिली. अंकुरावरून वृक्ष ओळखता येत नाही हे सांगणारा सुश्रुत आणि फोड दिसताच कोळ्याचे नाव घेऊ नका हे सांगणारा आजचा त्वचारोगतज्ज्ञ यांच्यात अनेक शतकांचे अंतर आहे. रुग्णाला कापण्यापूर्वी, डागण्यापूर्वी किंवा प्रतिविष टोचण्यापूर्वी दोघेही वैद्याकडे प्रथम विषनिश्चयच मागतात.